सरासरी शून्य

लाल पेन वहीवर टेकवता टेकवता मृणाली मॅडमना हसू आलं. "सरासरी त्वरण शून्य, म्हणून वेग कायम." अरे देवा! अकरावीतली सगळ्यात हुशार पोर ज्ञानेश्वरी, आणि तिने हे लिहावं? त्वरण सेकंदासेकंदाला बदलत असताना सरासरी घेऊन काय चाटायची आहे! ती समोरच उभी होती, मान खाली घालून. आज वह्या जमा करायचा शेवटचा दिवस होता.

प्रयोग साधाच होता. मोबाइल गाडीत ठेवायचा, ॲप दर सेकंदाला त्वरण टिपून ठेवतं. हिने वडिलांची स्कूटर निवडली होती. वडील बोटीवर खलाशी. गणपतीनंतर त्यांचा धाकटा भाऊ डोळ्यांदेखत बुडाला, तेव्हापासून ते बोटीवर चढले नव्हते. संध्याकाळी तेवढे जेटीवर जाऊन यायचे.

पोरीला नीट समजावं म्हणून मॅडमनी सोमवारचे आकडे घेतले आणि एकेका सेकंदाचा तुकडा जोडत निघाल्या. उताराच्या माथ्यावर वेग शून्य. मग सेकंदाला पाच मीटर. नऊ. तेरा. पंधरा. सतरा. आता त्यांचं हसू गेलं. जेटीचा उतार त्यांच्या रोजच्या पायाखालचा, मासळीला तिथेच जायच्या. माथ्यावरच्या बर्फाच्या कारखान्यापासून कडेपर्यंत ऐंशी मीटर, पुढे पाणी. कठडा नाही.

शेवटच्या तीन सेकंदांत करकचून ब्रेक होता. त्यांनी एकूण अंतर काढलं. सत्त्याहत्तर मीटर. चुकलं असेल म्हणून पुन्हा बेरीज केली, तरी सत्त्याहत्तरच.

भीत भीत त्यांनी पान उलटलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार. तिन्ही दिवस गाडी मुंगीच्या पावलांनी उतरली होती. मंगळवारपासून काय बदललं, असं त्यांनी हळूच विचारलं.

सोमवारी मोबाइल नुसता डिकीत टाकला होता, बाबा एकटेच गेले होते, असं ती म्हणाली. मंगळवारपासून रीडिंग घ्यायचंय सांगून ती स्वतः मागे बसत होती.

वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलने मांडून खोडलेली एक बेरीज होती. उत्तर मात्र अजून वाचता येत होतं. सत्त्याहत्तर.

मॅडमनी पर्स उचलली. "चल. मी आत्ताच तुझ्या घरी येते. बाबांशी बोलते."

ज्ञानेश्वरी जागची हलली नाही. तिने लाल पेन उचलून त्यांच्या हातात दिलं.

"या ना मॅडम. पण आधी वहीवर चूक म्हणून लिहा, परत रीडिंग घ्यायला सांगा. प्रयोग संपला कळलं ना, तर उद्या बाबा मला मागे बसवायचे नाय."