कोटाची जागा

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरमध्ये, कार्डिफच्या हॉस्पिटलात रुजू होऊन तीन आठवडे होत नाहीत तोच डॉक्टर विद्याधरवर म्हाताऱ्या मिसेस प्राइसना नवरा गेल्याचं सांगायची पाळी आली. कॉरिडॉरमध्ये त्याने इंग्रजी वाक्य पाचदा घोकलं. तो आत येताच बाईंनी शेजारच्या खुर्चीवरचा नवऱ्याचा कोट उचलून मांडीवर घेतला आणि त्याला जागा करून दिली. पण साताऱ्यात वडीलधाऱ्यांसमोर तो कधी बसला नव्हता. इथेही हात बांधून, मान खाली घालून उभाच राहिला आणि घोकलेलं सांगितलं. बाई कितीतरी वेळ त्याच्या बुटांकडे बघत राहिल्या. “मला खूप विचारायचं होतं, डॉक्टर. पण तुम्हाला घाई दिसतेय. निघा तुम्ही.” घाई नाही हे त्याला जीव तोडून सांगायचं होतं. तो खुर्चीकडे वळला, तोवर बाईंनी कोट परत जागेवर ठेवला होता.