एका श्वासातली रेघ

"माध्यम कोळसा, प्रभाव माझ्या वडिलांचा, अण्णांचा. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे, एका श्वासात सरळ रेघ ओढायचे," पदवीच्या तोंडी परीक्षेत शाल्मली काकुळतीला येऊन सांगत होती. तपासयंत्राने तिच्या पाचही चित्रांवर लाल दिवा लावला होता. इतकी सफाईदार रेघ माणसाची नव्हेच!

"मॅडम, तुमच्यासमोर काढते ना!"

तिने काढली, अगदी अण्णांसारखी. पुन्हा लाल.

"मी पाहिलं गं, पण निकाल यंत्रच देतं." मॅडमनी कबुलीजबाब पुढे सरकवला. 'चित्रे यंत्राकडून करून घेतली.' "सही कर. निदान पुढच्या वर्षी बसता येईल."

रडू आवरत तिने सही केली. हात लटलट कापत होता.

यंत्राने सही तपासली आणि हिरवा दिवा लागला: अस्सल मानवी हात.