सावडणं

राजनला अग्नी देऊन तिसरा दिवस उजाडला, तशी नीलिमा लेकीच्या मागे लागली. "मैत्रेयी, पुन्हा विचार ना गं त्यांना. मला राख सावडायचीय."

मैत्रेयीने जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या दहनगृहात फोन लावला. सावडण्याला इंग्रजीत काय म्हणायचं ते न सुचून ती 'कलेक्ट' म्हणाली.

"आई, ते म्हणतात, कलेक्ट करायला येऊ नका. बाबांचा कलश सीलबंद होऊन थेट दफनभूमीत जाणार."

"अगं, कलश नकोच मला! फक्त एकदा या हातांनी वेचू द्या म्हणावं."

"त्यांना कळतच नाहीये गं."

नीलिमा उठून बाथरूममध्ये गेली. राजनचा इलेक्ट्रिक शेव्हर उघडून तिने पांढऱ्या कागदावर हलकेच आपटला, आणि दाढीच्या करड्या केसांची भुकटी चिमटीचिमटीने सावडू लागली.