रिकाम्या खोल्या

देवापुढे दिवा लावून झाला की आई घरभर फिरून रिकाम्या खोल्यांचं हीटिंग बंद करायची. टोरांटोला लेकीकडे, ऋजुताकडे आल्यापासून तिचा हा नेमच होता.

"आई, परवडतं आम्हाला," त्या संध्याकाळीही ऋजुता म्हणाली.

"तुम्हाला परवडतं गं. पण इथं गॅस जाळून तिकडे पाऊस बिघडतो, आपल्या सांगलीत घरात पाणी शिरतं, ते कुणाला परवडतं?"

"तू बटण बंद केल्यानं पूर थांबणार आहे का?"

"नाही. पण मला झोप लागेल."

झोप लागली ती लागलीच. सकाळी ऋजुता चहा घेऊन गेली, तेव्हा आईचे हात गार पडले होते.

तेरावं झालं आणि संध्याकाळी खोल्या आपोआप गार होऊ लागल्या. आधी पाहुण्यांची, मग अभ्यासाची, मग जिन्यापाशी जरा खोळंबून वरची. आई तिथेच गुडघा चोळत उभी राहायची.

"हीटिंगचं हे यंत्र घरातल्यांच्या सवयी शिकतं," ऋजुताचा नवरा म्हणाला. "आईंची सवय उचलली त्यानं. पुसून टाकू?"

"राहू दे."

ते पटण्यासारखं होतं. पण तेवढ्यात आईच्या खोलीतलं बटण टक्‌ करून बंद झालं. ती खोली आईनं कधीच बंद केली नव्हती, कारण तिथे ती स्वतः झोपायची. आता तिथे कुणीच नव्हतं.

ऋजुता दारात उभी राहिली. गारवा पायांना लागला.

"तुझं म्हणणं तेव्हाच पटलं होतं गं, आई," ती म्हणाली. "लाज वाटली, म्हणून वाद घातला."