मागचा आवाज

“घरून काम करायला शांत जागा आहे?”

“आहे, मॅडम.”

रोहिणी लिंबाच्या बुडाशी पोतं अंथरून बसली होती. कानात इअरफोन, फोन डाव्या हातात, पलीकडे कॉल सेंटरची मुलाखत घेणारी बाई. तलवाड्याच्या शिवारात रेंज याच एका बांधापाशी यायची. मातीचा बांध पुरुषभर उंच. त्याच्या पलीकडे माळ, आणि माळावर आबांची मेंढरं. इथून दिसायची नाहीत. ऐकू मात्र यायची.

“गेल्या वेळी तुमच्या मागे फार आवाज होता. आरती चालली होती बहुतेक.”

“हो, मॅडम. देऊळ आहे शेजारी.”

देऊळ नव्हतं. मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या होत्या. पण तसं सांगायची तिला लाज वाटली. बाई तेव्हा म्हणाली होती, आवाज गोड आहे तुमचा, पण ग्राहकाला मागचा आवाज चालत नाही. शांत जागा मिळाली की परत बोलू. हे रोहिणीने फक्त आईला सांगितलं. आबांना म्हणाली, रेंज गेली.

“घरून काम करायचा अनुभव?”

“नाही. पण जमेल.”

हे बोललेलं उत्तर. न बोललेलं लांब होतं.

घरून काम? या घराण्यात घरून काम कुणी केलंच नव्हतं. दिवाळी झाली की आजा, आबा, आई, सगळे मेंढरं घेऊन बाहेर पडायचे, ते मृगाच्या तोंडावर परतायचे. रोहिणी घोड्यावर, कोंबड्यांच्या डालग्याशेजारी बांधलेली. मुक्काम रोज नव्या रानात. रात्री घोंगडीत शिरलं की घंट्या ऐकू यायच्या. आई अंधारात पडल्या पडल्या आवाजावरून सांगायची, हा म्होरक्या उठला, ही लंगडी वळली, आता झोप. पुण्याला शिकायला गेली तेव्हा हॉस्टेलवर कितीतरी रात्री तिला झोप आली नाही. पोरी म्हणायच्या, किती शांत खोली मिळालीय तुला. तिला ती शांतता दुखायची.

मग तिथेच नोकरी लागली. मग रोग आला, ऑफिसला कुलूप लागलं आणि ती घरी आली.

मेंढरंही घरी आली होती. गावागावांनी वेशीवर काटे टाकले, परक्याला रानात घेईनात. सगळा कळप या एका माळावर अडकला. गवत कधीच संपलं. काल व्यापारी बंकट येऊन ओट्यावर बसला होता.

“गहिनीनाथ, चारा न्हाई, पानी न्हाई. कावून जिवाला घोर लावून घेतो? उद्या टेम्पो आनतो. समदीच दे.”

“पोरीचं काय हुतंय ते बघू,” आबा म्हणाले होते. “तिला काम लागलं तर कडबा घेता यील.”

आज पहाटे पटका गुंडाळताना आबांनी विचारलं, “फोन कवा येनार हाय?”

“ऊन चढल्यावर.”

“बस तू लिंबाखाली. मी बघतो काय ते.”

“समजा, ग्राहक चिडलाय,” बाई विचारत होती. “तुम्हाला वाटेल ते बोलतोय. काय कराल?”

“आधी त्याला बोलू देईन. चिडलेल्या माणसाला मधे अडवलं की तो जास्त बिथरतो. दम लागला की आपोआप थांबतो. मग विचारायचं, नेमकं काय झालं.”

“छान,” बाई हसली. “आणि आज तुमच्याकडे अगदी शांत आहे हं.”

रोहिणीने इअरफोन काढला.

खरंच शांत होतं. पलीकडून एकही घंटी वाजत नव्हती.

मेंढराच्या गळ्यातली घंटी दोनदाच निघते. मेंढरू मेलं तर, नाहीतर विकलं तर. विकलेलं मेंढरू जातं, घंटी घरात राहते. व्यापाऱ्याला घंटी कुणी देत नाही.

मी बघतो काय ते.

“हॅलो? रोहिणी?”

“मॅडम, मला जावं लागंल.”

फोन कापला. चपला पोत्यापाशीच राहिल्या. हातापायांवर ती बांध चढली.

मेंढरं होती. सगळी होती. उन्हात एकमेकांच्या पोटाखाली माना घालून उभी. बांधाच्या कुशीलाच आबा बसले होते. मांडीवर घोंगडीचं गाठोडं, त्यावर दोन्ही हात दाबून धरलेले, तापलेलं पोर निजवावं तसे. तिला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“झालं का बोलनं?” ते कुजबुजले.

“घंट्या कावून काढल्या, आबा?”

“हळू बोल की. तुझी आई म्हनली, त्या बाईला मागचा आवाज चालत न्हाई. मला सांगायचं न्हाईस का? पाटंपसून एकेकीची सोडीत बसलो. ह्यो म्होरक्या तर लई रुसलाय. गळा मोकळा झाला तवापसून पाऊल टाकंना.”

“आन् बंकट?”

“आलता. म्हनलं, गपचिप माघारी जा, टेम्पोचा हॉर्न वाजवू नको. पोरीची मुलाकत चालू हाय.”

तिच्या हातात फोन थरथरला. तीच बाई. आबांनी गाठोडं आणखी घट्ट दाबलं, श्वाससुद्धा धरला.

रोहिणीने त्यांचे हात हलकेच बाजूला केले. गाठोड्यातून सगळ्यात मोठी घंटी काढली. म्होरक्याच्या गळ्यात बांधली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. तो निघाला. घंटी वाजली. मागोमाग कळप हलला.

मग तिने फोन उचलला.

“इथं असा आवाज असणारच, मॅडम. आमची मेंढरं आहेत. बोला.”