लवकर बसलेली रेघ

पडद्यावरची रेघ आजही सूर्य मावळायच्या आधीच खाली बसली. त्याने घड्याळात पाहिलं.

दूरच्या प्रक्षेपण केंद्राचा रेडिओ संदेश वरच्या हवेवर आदळून इथे पोचतो आणि रोज दिवस मावळताना क्षीण होतो; तेव्हा ही रेघ खाली बसते. वेळेआधीच क्षीण झाला, तर वरची हवा बिघडलेली असते. अशी ती कधी कधी भूकंपाच्या आधी बिघडते. कधी कधीच, नेहमी नाही. सगळं घोडं तिथे अडलेलं.

“सूर्यावर वादळ झालं असेल,” इथल्या निरीक्षण केंद्राच्या प्रमुख बाई पर्स उचलत म्हणाल्या. “त्यानेही रेघ अशीच वागते. पुन्हा घरी फोन करून बसू नका. मागच्या वेळचं पुरे नाही का झालं?”

मागच्या थंडीत त्याच्या एका फोनवर डोंगरातल्या त्याच्या घरच्यांनी अंगणात अंथरुणं टाकली होती. आईची एका पायाने लंगडी खाटसुद्धा बाहेर काढली. भूकंप काही आला नाही. आईच्या छातीत मात्र कफ दाटला, आणि त्यातच ती गेली. धाकटा भाऊ तेव्हापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलायचा.

बाई गेल्या. त्याने फोन लावला. पुतणीने उचलला, खोकतच.

“मोठे काका! बाबा म्हणतात, तुमचं मशीन वेडं आहे.”

“असेल गं. बाबांना दे.”

भाऊ फोनवर आला. “बोल.”

“आजची रात्र बाहेर झोपाल?”

“पोरीला खोकला आहे. खात्री आहे तुझी?”

“नाही.”

“तेव्हा होती?”

“तेव्हाही नव्हती.”

“मग तेव्हा का नाही बोललास?”

“बोललो असतो तर तुम्ही बाहेर पडला नसतात.”

याची नजर पुन्हा रेघेकडे गेली आणि मनात नको ते आलंच. हलू दे एकदाची जमीन. घर रिकामं असताना हलू दे, म्हणजे आई उगाच गेली नाही एवढं तरी म्हणता येईल. दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची किळस आली. तिथे आणखीही घरं होती, आणि त्या घरांत माणसं होती.

“दादा,” भाऊ हळू आवाजात म्हणाला, “भूकंप यावा असं वाटतंय ना तुला?”

त्याने पडद्याकडे पाठ फिरवली.

“मलाही वाटतं रे,” भाऊच म्हणाला.

फोन कुठेतरी टेकवून ठेवल्याचा आवाज आला. “स्वेटर घाल गं, कानटोपी पण घाल,” भाऊ पोरीला सांगत होता. आणि मग फरशीवरून काहीतरी ओढत बाहेर नेलं जाऊ लागलं, एक पाय घासत.