झाकणातलं भोक

"काचेचा नको," नंदू म्हणाला.

दुकानदाराने उचललेला मोठा काचेचा बुधला पुन्हा फळीवर ठेवला. "घरच्या वाइनला काचच बरी," तो म्हणाला. "प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात, ओरखड्यांत जंतू बसतात. आणि महिनोन् महिने मुरवायची असेल तर प्लॅस्टिकमधून हवाही शिरते."

"इतके दिवस ती राहतच नाही."

दुकानदार हसला. नंदूला हसता आलं नाही. मागचा बुधला गॅरेजच्या फरशीवर फुटला होता. काचा गोळा करताना त्याचा तळहात चिरला, आणि टाके घालणाऱ्या नर्सला त्याने खिडकी फुटल्याचं सांगितलं होतं.

इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये देशी दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडला पाऊल टाकलं की कुणी ना कुणी हाक मारायचं. म्हणून तो बस बदलून शहराच्या या टोकाला आला होता. गाडी मुद्दाम घरी ठेवली होती; दुकानासमोर कुणी ओळखली असती तर?

"मग ही बादली घ्या. झाकणाला भोक आहे, त्यात ही नळी बसवायची. आतला गॅस बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. खाली तोटी आहे, म्हणजे उचलून ओतायला नको. धुताना घासणी तेवढी लावू नका."

नंदूने तोटी फिरवून पाहिली. मग हळूच विचारलं, "साखर निम्मीच घातली तर?"

"कमी चढेल."

"चवीवरून कळेल?"

दुकानदाराने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "पिणाऱ्याला कळतंच. ही चाखा, माझ्या घरची ब्लॅकबेरीची आहे."

नंदूने चटकन हात आडवा केला. "नको. आत्ता नको."

बादली त्याने कचऱ्याच्या काळ्या पिशवीत घातली, पण पिशवी तोकडी पडली. बसस्टॉपवर नेमक्या सुप्रभा जोगळेकर उभ्या होत्या, महाराष्ट्र मंडळाच्या चिटणीस.

"नंदूभाऊ, तुम्ही इकडे कुठे?"

"पिठाला डबा घेतला."

सुप्रभाताईंची नजर झाकणातल्या भोकावर गेली, तिथून खाली तोटीवर आली. "हो का," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "गणपतीला वरदाताई दिसल्या नाहीत."

"बरं नव्हतं तिला."

"त्यांच्यासारखी बाई म्हणून निभावतेय हो."

नंदू बस येते का ते बघत राहिला.

गेल्या दिवाळीत त्याच्या मुलीला, निधीला, गॅरेजमध्ये रिकाम्या बाटल्यांचा ढीग सापडला होता. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. "माझ्या आहेत," नंदू म्हणाला होता. तेव्हापासून मंडळातली माणसं न विचारता त्याच्या ग्लासात ऑरेंज ज्यूस ओतायची आणि त्याच्या बायकोचा, वरदाचा, हात हातात घेऊन हळू आवाजात बोलायची. वरदा मुलांची डॉक्टर. या गावातली कितीतरी पोरं तिच्या हाताखालून मोठी झाली होती. लाज अंगवळणी पडेल असं नंदूला वाटलं होतं. ती काही पडत नव्हती.

तो घरी पोचला तेव्हा निधी दारातच उभी होती. सुप्रभाताईंचा फोन त्याच्या आधी पोचला होता. शाळेला हाफ टर्मची सुटी, म्हणून ती नात अन्वीला आठवडाभरासाठी सोडायला आली होती.

"ते काय आहे, बाबा?"

नंदूने तोकडी पिशवी झाकणावर ओढून पाहिली.

"तुम्ही प्रॉमिस केला होता." चिडली की निधीचं मराठी अडखळायचं. "अन्वी इथे राहणार म्हणून मी लीव्ह नाही घेतला. आय ट्रस्टेड यू."

"राहू दे गं तिला. मी सगळं बघतो."

"तुम्ही?" घरात अन्वी होती म्हणून तिने आवाज खाली आणला. "मी तिला तुमच्यासोबत एक मिनिट पण एकटी ठेवणार नाही. तुम्हाला लाज वाटत नाही?"

नंदूचे कान तापले. याच अन्वीच्या वेण्या तो घालायचा, तिला शाळेतून आणायचा, रस्ता ओलांडताना ती त्याचं बोट घट्ट धरायची. 

वरदा कोट घालून जिन्यावरून उतरली, कठड्याला धरत, सावकाश. तोंडात वेलची होती. तिने बादली पाहिली आणि नजर वळवली. "चल अन्वी, पोहायला उशीर होईल."

"आई, तूच ने तिला," निधी म्हणाली. "आजपासून फक्त तू. माझी गाडी घे, तिचा सीट त्यात आहे."

वरदाने किल्ली घेतली. अन्वी टॉवेल गळ्यात घालून उड्या मारत गाडीकडे गेली. तिचा पट्टा लावायला वरदाला बराच वेळ लागला. निधी तोवर दारातून बापाकडे रागाने बघत होती, गाडीकडे तिचं लक्ष नव्हतं.

इंजिन सुरू झालं. मागच्या काचेतून अन्वीने आजोबांना हात केला.

नंदूने बादली खाली ठेवली. तो गाडीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि त्याने बॉनेटवर दोन्ही हात टेकले.

"बाबा, व्हॉट आर यू डुइंग? बाजूला व्हा."

"आधी तिच्याकडून किल्ली काढून घे, निधी," तो म्हणाला. "मी जन्मात कधी थेंब घेतलेला नाही. हे सगळं तुझ्या आईला लागतं."